गगनबावडा ते कोल्हापूर, आभाळातनं

मौला नालबंदाला एकच खूळ होतं: अमकं गाव कोल्हापुरापासून किती लांब? बैलगाडीनं नव्हे हो, आभाळातनं! महाराजांची मोटार धुरळा उडवत गेली तेव्हा सगळी पेठ तिची चाकं बघत राहिली, आणि हा गडी म्हणतोय, "माझा निळा हिच्या आधी पोचंल की!"

निळा म्हणजे त्याचं लाडकं कबुतर. लेक नजीरा गगनबावड्याला दिली, तसं हे खूळ आणखीच बळावलं. गाडीला दोन दिवस लागतात, मग निळ्याला किती? जावई गौस बाजाराला आला, तेव्हा मौलानं निळ्याला झाकणाच्या पाटीत घालून ती त्याच्या गाडीत ठेवली. घरी मादी अंड्यांवर बसलेली. असला नर वाटेत रेंगाळत नाही, हे कुठलाही कबुतरवाला सांगेल. "शुक्रवारी सूर्य दिसला की सोडा," मौलानं बजावलं.

शुक्रवारी दिवस उगवला आणि स्वारी छपरावर. खाली बायको चाँदबी भाकरी थापत होती, आणि हा तिच्या भाकरी मोजून वेळ धरत होता. भाकरी संपल्या, चूल विझली, तरी निळा नाही! मौलाचं तोंड एवढंसं झालं. निळा उतरला तो पार दुपार कलल्यावर.

पुढच्या बाजाराला गौसनं उलगडा केला. "मामू, घाटात धुकं होतं. सूर्य दिसलाच जेवणाच्या वक्ताला!"

हात्तिच्या! मौलानं कपाळावर हात मारला. धुक्याचा विचारच केला नव्हता त्यानं.

पण गौस दुसरंही सांगायला आला होता. नजीराचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण घाटातले गाडीचे हादरे तिला सोसले नसते.

"मग मीच जाते," चाँदबी म्हणाली आणि गाठोडं बांधायला लागली.

"निळ्याला ने. आन् सोडताना सूर्य कुठं हाय त्ये ध्यानात ठेव."

चाँदबी भडकलीच. "अवं, पोरीचा जीव टांगणीला, आन् तुमास्नी पाखराची शर्यत सुचतीया व्हय?" मौला खाली मान घालून पाटी आत न्यायला लागला. मग तिनंच पाटी उचलली. "सुखरूप सुटली तर पायाला हिरवा दोरा बांधून सोडीन. न्हाय तर सोडणारच न्हाय."

त्यानंतर मौलाचं कामात लक्ष लागेना. पागेत नाल ठोकताना अंगठा ठेचून घेतला, घरी भाकरी करपवल्या. रोज छपरावर चढायचा आणि रिकामं आभाळ बघून उतरायचा. मनात नको नको ते यायचं, आणि तो स्वतःलाच शिव्या घालायचा.

एका सकाळी तव्यावर भाकरी टाकतोय तोवर छपरावर पंख फडफडले. मौला तसाच पिठाच्या हातांनी वर धावला. निळा मादीभोवती घुमत होता. पायाला हिरवा दोरा!

मौलानं त्याला छातीशी धरलं आणि तो ढसाढसा रडला. निळा पिठानं पांढरा झाला.

शेजारचे अप्पा मास्तर गच्चीवरनं ओरडले, "काय मौला, किती वेळ लागला रं शेवटी?"

"कुणाला ठावं, मास्तर!" मौला डोळे पुसत म्हणाला. "पाखरू पोचलं न्हवं का!"