म्हातारीचा ऑफ तास

खरं तर हे मी सांगायला नको. खेळाच्या तबकडीने आपल्या पोटातलं गुपित कुणाला सांगू नये, खेळणाऱ्याने ते आपलं आपण शोधावं, असा आमच्यात नियम आहे. तीन वर्षं मी तो पाळला. पण या आठवड्यात जे झालं ते माझ्याच्याने लपवून ठेवणं होत नाही, म्हणून सांगते. हळू सांगते. मला मोठ्याने बोलायची सवय नाही.

मी एक व्हिडिओ गेमची तबकडी. तळहाताएवढी, मधे भोक, एका अंगाने चकचकीत. दुसऱ्या अंगावर तलवार धरलेल्या मुलाचं चित्र आहे. माझा जन्म २००१ साली एका कारखान्यात झाला. त्याला जेमतेम चार सेकंद लागले. वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा साच्यात पडला, वरून दाब आला आणि लाटलेल्या पापडासारखी मी बाहेर पडले. तेवढ्यात माझ्या अंगावर एक अख्खं गाव उमटलं होतं.

गावाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आता आम्ही त्याला घंटावाडी म्हणतो. घंटावाडीत एकच दिवस असतो. सकाळी सहाची घंटा होते, खानावळीतल्या खाटेवर तलवारवाला मुलगा जागा होतो. पाववाला त्याच दगडाला ठेचकाळतो, तीच मांजर त्याच कौलावरून उडी मारते. संध्याकाळी सूर्य मावळताना पुलावरून धुक्याचा राक्षस येतो आणि गाव गिळून टाकतो. मग पुन्हा सकाळी सहाची घंटा, पुन्हा तोच दिवस. गावात कुणाला काल आठवत नाही. आठवतं फक्त त्या मुलाला, म्हणजे त्या वेळी जो खेळत असेल त्याला. राक्षसाला अडवलं तरच गावात उद्या उजाडणार.

माझा पहिला मालक कबीर. अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या हायस्कूलमधला उंच मुलगा. त्याने मला मॉलमधून आणलं त्या दिवशी तो जेवलासुद्धा नाही. तो फार छान लढायचा, पण फक्त लढायचा. राक्षसाशी दोनशे वेळा लढला आणि दोनशे वेळा गाव बुडालं. शेवटी त्याने कंट्रोलर सोफ्यावर फेकला आणि म्हणाला, "धिस गेम इज ब्रोकन." मी मोडलेली नव्हते. पण ते त्याला सांगणार कोण?

कबीर शॅम्पेन नावाच्या गावी कॉलेजात गेला आणि मी त्याच्या बहिणीकडे, प्रीताकडे आले. प्रीता इथेच जन्मलेली, भरभर बोलणारी, बोलताना हात उडवणारी. तिने कबीरपेक्षा जास्त शोधलं. पुलावर पाच दिवे आहेत. गावातल्या पाच ठरावीक माणसांनी मावळतीच्या घंटेच्या वेळी आपापल्या दिव्यापाशी उभं राहायचं, की दिवे पेटतात आणि धुकं विरतं. चार माणसं तिने पुलावर आणली. पाचवा दिवा घंटा वाजवणाऱ्याचा. तो पुलावर आला तर घंटा कोण वाजवणार? आणि घंटा वाजवत बसला तर दिव्यापाशी कोण उभं राहणार? इथे प्रीताही अडकली. मग मी वर्षभर टीव्हीवर उघडी पडून राहिले. माझ्यावर धूळ बसली, एकदा चहाचा कपही बसला.

प्रीताच्या आईला, रत्नाकाकूंना, आवरण्याचा फार उत्साह. त्यांनी एका रविवारी मला पुसलं आणि जी डबी हाताला लागली तिच्यात ठेवलं. ती डबी आरत्यांच्या सीडीची होती.

अशी मी २००४ साली महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेले. एका शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या बास्केटखाली गणपती बसला होता. दोनशे माणसं हात जोडून उभी होती. रत्नाकाकूंनी मला सीडी प्लेअरमध्ये घातलं. प्लेअरने मला दोनदा फिरवून पाहिलं आणि आपल्या छोट्या खिडकीत इंग्रजीत लिहिलं, 'डिस्क नाही'. मी तिथे असताना. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता.

"अहो, झालं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"मशीन नखरे करतंय," काकू म्हणाल्या. "राहू दे मेलं. टाळ्या तर आहेत आपल्याकडे. म्हणा."

आणि सगळ्यांनी स्वतःच आरती म्हटली, तीन वेगवेगळ्या चालींत, एकमेकांच्या पुढेमागे. मला वाटतं त्या वर्षीची आरती सगळ्यांत छान झाली.

प्लेअरजवळ एक मुलगी उभी होती. निळा सलवार-कमीज, हातात प्रसादाचा कागदी द्रोण, नजर जमिनीकडे. तिने मला बाहेर काढलं, उलटं केलं आणि चित्र पाहून हसू दाबलं. प्रीताने ते बघितलं.

"यू नो धिस गेम?"

मुलीने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"घेऊन जा," प्रीता म्हणाली. "डिसेंबरमध्ये कबीर येणार, तो परत नेईल. त्याच्या आधी तो पूल क्रॉस केलास तर मला कॉल कर, ओके? नुसतं 'छान होता' म्हणून परत नको देऊस."

ही आश्लेषा. ऑगस्टमध्ये नागपूरहून आलेली, नववीतली. शाळा सुरू होऊन महिना झाला होता आणि कुणी तिला काही करून दाखव म्हणण्याची ही पहिली वेळ होती. ती मला घरी घेऊन गेली तेव्हा मी तिच्या मनातलं ओळखलं. पूल जमला तर प्रीताशी बोलायला एक कारण असेल. नाही जमला तर मी परत जाईन, आणि माझ्याबरोबर ते कारणही जाईल.

आश्लेषा रोज होमवर्क झाल्यावर एक तास खेळायची. टीव्हीच्या काचेतून मला त्यांचं घर दिसायचं. बाबा पहाटेच्या गाडीने शिकागोला जायचे. आई, म्हणजे नंदाबाई, नागपुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. इथे त्यांच्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती, म्हणून त्या घरी असायच्या. घर इतकं आवरलेलं असायचं की आवरायला काही उरायचं नाही. मग त्या सोफ्यावर येऊन बसायच्या आणि गावाकडे बघायच्या.

"ती टोपलीवाली रोज कुठे जाते गं?"

"आई, इट्स नॉट इम्पॉर्टंट."

"एवढी घाईत चाललीय आणि इम्पॉर्टंट नाही? तिच्या मागे जा बघू."

घंटावाडी हे नाव त्यांनीच ठेवलं. घंटा वाजवणाऱ्याला त्या गुरुनाथ म्हणायच्या, कारण त्यांच्या शाळेत घंटा द्यायला गुरुनाथ नावाचा शिपाई होता. छाती काढून चालणारा लोहार म्हणजे पीटीचे प्रताप सर. आश्लेषाला आधी लाज वाटली. मग तीही म्हणायला लागली, "आई, प्रताप सर पुलावर पोचले."

पण पाचवा दिवा काही पेटेना. डिसेंबर उजाडला. कबीरला यायला आठ दिवस राहिले.

सोमवारी रात्रभर बर्फ पडला. सकाळी टीव्हीच्या खालच्या पट्टीत बंद शाळांची नावं सरकत होती. तिची शाळा दिसल्यावर आश्लेषाने पुन्हा पायजमा चढवला आणि मला कन्सोलमध्ये घातलं. गाव बुडालं. पुन्हा बुडालं. तिसऱ्यांदा बुडाल्यावर तिने डोळे पुसले, आईला दिसणार नाही अशा बेताने. नंदाबाईंना दिसलं. त्या उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान फाडून आणलं, उलटं करून गालिच्यावर पसरलं आणि पट्टी मागितली.

"काय करतेस?"

"टाइमटेबल. बावीस तुकड्यांचं दर जूनमध्ये मी लावायचे. तुझं हे गाव म्हणजे किती, बारा माणसं. सांग, सकाळी सहाला कोण कुठे?"

त्यांनी आडव्या रेघांवर माणसं लिहिली, उभ्या रेघांवर तास. आश्लेषाला सगळं पाठ होतं, ती सांगत गेली. तासाभरात पान भरलं. मावळतीच्या रकान्यात गुरुनाथचं नाव दोनदा आलं, पुलावर आणि घंटेवर. नंदाबाईंनी त्याभोवती लाल गोल काढला.

"एका तासाला एक शिक्षक दोन वर्गांवर. हे दर वर्षी व्हायचं."

"मग तू काय करायचीस?"

"बदली तास. ऑफ कोण आहे ते बघायचं आणि त्याला पाठवायचं." त्यांचं बोट पानावरून खाली सरकलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. ती ओळ कोरी होती. "ही कोण?"

"विहिरीजवळची म्हातारी. ती नुसती बसलेली असते. प्रीता गणपतीत म्हणाली होती, ती डेकोरेशन आहे."

"दिवसभर ऑफ? अशी शिक्षिका मी पाहिली नाही. असली तरी हेडबाई ठेवायच्या नाहीत."

इथे मी कन्सोलमध्ये इतकी गरगरले की खरखर आवाज आला. नंदाबाई म्हणाल्या, "याला काय झालं?"

आश्लेषाने मुलाला विहिरीपाशी नेलं आणि बोलायचं बटण दाबलं. म्हातारी "हं" म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. पुन्हा दाबलं. पुन्हा "हं". पाच वेळा तसंच झालं. मग आश्लेषा थांबली.

"ती उत्तर देणार असेल," ती हळूच म्हणाली. "आपण मधेच पुन्हा विचारतो. माझ्याशी पण शाळेत असंच करतात. मी वाक्य जुळवत असते, तोपर्यंत त्यांचा दुसरा प्रश्न येतो. मग मी सोडून देते."

हे तिने आईला आधी कधी सांगितलं नव्हतं. नंदाबाई तिच्या जवळ सरकल्या.

माझ्या खेळात खाली बसायचंही एक बटण आहे. ते कुणी वापरत नाही. आश्लेषाने मुलाला म्हातारीशेजारी बसवलं आणि कंट्रोलर गालिच्यावर ठेवून दिला. एक मिनिट गेलं. दोन गेली. बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं.

"दाबू का काही?" नंदाबाईंनी विचारलं.

"नको."

तिसऱ्या मिनिटाला म्हातारीने मान वळवली. तिच्या बोलण्याचा अर्थ असा होता की त्या घंटावाल्याच्या बापाच्याही आधी ती घंटा मीच वाजवायचे, पण इतकी वर्षं कुणी दम धरला नाही. मग ती उठली आणि घंटेच्या मनोऱ्याकडे चालू लागली. इतकी सावकाश की नंदाबाई पुटपुटल्या, "आजी, तास सुरू झाला."

गुरुनाथ पुलावर आला. प्रताप सर आणि बाकीचे तिघे होतेच. सूर्य टेकला, धुकं आलं आणि वर म्हातारीने घंटा वाजवली. एक, दोन, तीन, चार, पाच दिवे. राक्षस पुलाच्या मध्यावर उभा राहिला आणि चहाची वाफ जावी तसा निघून गेला.

मग नंदाबाई हसल्या. या घरात आल्यापासून मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं.

पडद्यावर प्रश्न आला, दुसरा दिवस सुरू करायचा का? आश्लेषाने खेळ सेव्ह केला आणि बंद केला.

"अगं, बघू तरी," नंदाबाई म्हणाल्या.

"प्रीतासोबत."

त्यासाठी फोन करायला हवा होता. तिने दोन वाक्यं कागदावर लिहिली आणि तीनदा म्हणून पाहिली. फोन रत्नाकाकूंनी उचलला.

"कोण, आश्लेषा? नंदाची? अगं बोलतेस की तू. मला वाटलं तू नुसती मान हलवतेस. जेवलीस का?"

मग वरच्या खोलीतला फोन उचलल्याचा आवाज आला. "मॉम, आय गॉट इट."

आश्लेषाने कागद वाचला. "पूल झाला. म्हातारी डेकोरेशन नाहीये."

"शट अप," प्रीता म्हणाली.

आश्लेषाला वाटलं, खरंच गप्प बसायला सांगितलं. तिने ठेवायला फोन कानापासून दूर केला तेवढ्यात प्रीता ओरडली, "नो, नो, म्हणजे सांग ना. सांग."

आज शनिवार. प्रीता दारात बूट झटकून आत आली आहे आणि कॅलेंडरच्या पानावर पालथी पडून सगळं वाचते आहे. नंदाबाई तिला बदली तास समजावून सांगताहेत.

"तू पुढे नाही गेलीस?" प्रीताने मघाशी विचारलं. "एकटी? इतके दिवस?"

"नाही."

"व्हाय?"

आश्लेषा वाक्य जुळवत होती. प्रीताने दुसरा प्रश्न विचारला नाही. ती थांबली.

"तू येशील म्हणून," आश्लेषा म्हणाली.

"कबीर आला की त्याला तूच दाखवायचं," प्रीता म्हणाली. "आमच्या घरी येऊन. मी नाही दाखवणार."

म्हणजे मी परत जाईन, पण आश्लेषाही तिथे येईल. दुसरा दिवस माझ्या अंगावर पहिल्यापासून कोरलेला आहे, अगदी कडेला. तिथवर कुणी पोचलंच नाही, त्यामुळे त्यात काय आहे ते मलाही ठाऊक नाही. आता मी गालिच्यावर पडून वाट बघते आहे. जाता जाता तुम्हाला एकच विनंती. तुमच्याकडे एखादा खेळ अर्धा राहिला असेल तर तो तसाच टाकू नका, कुणाला तरी शेजारी बसवा, आणि ते माणूस बोलत नसेल तर जरा

"आश्लेषा, ती डिस्क आण ना, लवकर."