करपलेल्या अंकुरांचा गोठा

सिसिलियाचा डिसेंबर ओल्या मातीच्या वासाने सुरू व्हायचा. पसरट ट्रेमध्ये माती भुरभुरताना तिची बोटं मिठाच्या चिमटीसारखी जुळायची, आणि पाण्याचा पहिला शिडकावा पडला की लाल माळाच्या कडेला असलेल्या त्या पत्र्याच्या घरात वसईतल्या केळीच्या वाडीचा गारवा क्षणभर दाटून यायचा. बाहेर मात्र ऊन इतकं पांढरं, की शेवटच्या कपड्याला चिमटा लावेपर्यंत दोरीवरचा पहिला वाळून खडखडीत झालेला असायचा.

ती माझी थोरली बहीण. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या खाणीच्या गावी इस्पितळात नर्स होती. तिचा नवरा, आमचे बस्त्याव भावोजी, सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. आम्ही पर्थला. नव्वदच्या दशकात दर नाताळाला पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, करंज्यांचे डबे यांवर एकेक खूण करत मी गाडी भरायची आणि सहा-सात तासांचा सरळ, निर्मनुष्य रस्ता कापून आम्ही तिच्याकडे पोचायचो. माझ्या नाताळाला यादी लागते. तिच्या नाताळाला बी लागायचं.

आमच्याकडे नाताळ हा शब्दच मुळी परक्या जहाजातून आला. पोर्तुगीज आले आणि गेले. शब्द मागे राहिला आणि आमच्या मातीने त्याला आपला रंग दिला. ख्रिस्तजन्माच्या गोठ्यात वसईच्या आयांनी नाचणीचे कोवळे अंकुर उभे केले, कलकल आणि करंज्या तळून शेजाऱ्यांच्या घरी ताटं धाडली, कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून दारात तारा टांगला. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी बी पेरायचं, हा आमच्या आईचा नेम. सिसिलियाने तो जसाच्या तसा इथे आणला. नाचणी विमानतळावरच काढून घेतात, म्हणून ती पाळीव पक्ष्यांच्या खाद्याची पिशवी आणून त्यातलं बारीक धान्य निवडायची.

“वसईत आपण माणसांचं खाणं पेरतो, इथे पोपटांचं,” भावोजी म्हणायचे.

“मग उरलेलं तुम्ही खा,” ती मान वर न करता म्हणायची.

तिचं बोलणं असंच, हलक्या हाताने टाचलेलं. ती सावळी, उंच, किंचित पुढे झुकून चालणारी. वाऱ्यात उभ्या असलेल्या उसासारखी. रुग्णाच्या कपाळावर हात ठेवताना तिचा चेहरा संध्याकाळच्या प्रकाशासारखा मऊ व्हायचा, आणि कुणी कामात हयगय केली की तोच चेहरा भर दुपारसारखा लख्ख. गावात ती ‘हॉस्पिटलमधली इंडियन सिस्टर’ होती. लोक तिच्यावर माया करत, पण तिचं नाव, तिचं गाव, तिच्या घरचा सण यांच्याविषयी कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने ते बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते तिच्या गप्प बसण्यात ऐकू यायचं.

म्हणून त्या वर्षी चर्चच्या म्हाताऱ्या फादरांनी, “यंदाचा गोठा तुझ्या देशात करतात तसा कर,” असं सांगितलं, तेव्हा फोनवर तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. तोवर गोठा करायची जोन. मेंढ्यांच्या मोठ्या कुरणावर वाढलेली, चर्चची सगळी फुलं सांभाळणारी गोरी बाई. तिच्या खोक्यात कापसाचा बर्फ होता आणि प्लास्टिकची हिरवी पानं. सिसिलियाने तिला ठामपणे कळवलं होतं, बर्फ नको, आमच्याकडे जिवंत हिरवळ असते.

आम्ही पोचलो ती नाताळच्या आदल्या दिवसाची दुपार. चर्चमधली मिस्सा, सणाची प्रार्थना, संध्याकाळी होती. सिसिलिया मागच्या पडवीत ट्रेसमोर बसली होती. वसईच्या थंडीत नाताळापर्यंत पुरणारे अंकुर इथल्या उन्हात भराभर उसळून वर आले होते आणि वाळवंटावरून आलेल्या वाऱ्याने एका दिवसात करपून पिवळेधमक झाले होते. आईचा रविवार वसईच्या हवेसाठी होता, हे आम्हा दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

“दुकानात कृत्रिम गवताची पट्टी मिळेल,” मी गाडीची किल्ली उचलत म्हटलं. “मटणाच्या काउंटरवर पसरतात ना, तसली.”

“म्हणजे येशूला खाटकाकडे निजवू?” ती म्हणाली.

मग करपलेल्या काड्यांवरून तिने तळवा फिरवला, निजलेल्या बाळाच्या जावळावरून फिरवावा तसा, आणि उठून बादली घेतली. घरामागच्या माळावरची लाल माती, निलगिरीच्या जातीच्या गम झाडांच्या सोललेल्या साली, दोन वाळक्या फांद्या, एवढंच तिने गोळा केलं. चर्चमध्ये त्या मातीवर तिने ते पिवळे अंकुर ट्रेमधून होते तसे उचलून उभे केले. सालींचं छप्पर झालं. खिडकीतून उतरत्या उन्हाचा एक पट्टा आत आला आणि सगळा गोठा तांब्यासारखा उजळला.

जोन आली ती बर्फाचं खोकं काखेत घेऊनच. ती पाहत राहिली. सिसिलिया ताठ उभी होती. फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“हे तर आमच्या शेडमागचं कुरण,” अखेर जोन तिच्या इंग्रजीत म्हणाली. “मी लहान होते तेव्हाचं.” मग तिने खोक्यातल्या मातीच्या मेंढ्या काढल्या आणि सालींच्या सावलीत एकेक ठेवल्या. “भर उन्हात नको गं त्यांना, लव्ह. काय म्हणता तुम्ही याला?”

“गोठा.”

“गोटा,” जोन म्हणाली.

“खाणीच्या गावात गोटाच म्हणणार,” सिसिलिया माझ्या कानाशी मराठीत पुटपुटली, आणि तिचं हसू दाबता दबेना.

त्या संध्याकाळी लोक त्या गोठ्यापुढे थांबले, आपापल्या पोरांना माळ दाखवावा तसे बोट दाखवत राहिले, आणि जाताना तिला नावाने हाक मारून नाताळाच्या शुभेच्छा देत गेले. ‘सिसिलिया’ हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी मागच्या बाकावर होते. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामाचा वाटलेला नाही.

दशक संपायच्या आत ती गेली; आजार छोटा, जाणं झटकन. त्यानंतरच्या डिसेंबराच्या सुरुवातीला पर्थला माझा फोन वाजला. जोन होती. पक्ष्यांचं खाद्य तिने आणून ठेवलं होतं.

“पेरायचं कधी?” ती विचारत होती. “लवकरच ना? सिसिलियासारखं नीट करपायला हवं.”

मी तिला आईचा रविवार सांगितला. माणूस निघून जातं आणि काळ त्याच्या पाऊलखुणा पुसत राहतो. पण कधी कधी त्याची एखादी चूकच परकी माणसं हाती घेतात, दर वर्षी वेळेवर पेरतात, आणि उन्हाने तिचं सोनं होईपर्यंत धीराने वाट पाहतात.