म्वालिमूंचा कान

निवडणुकीचा निकाल लागला आणि तिसऱ्या दिवशी पोरांनी रस्त्यावर झाडं आडवी टाकली. मग म्वालिमू, म्हणजे मास्तर, रोतिच यांना घरातून उचलून आणलं आणि तिथल्याच दगडावर बसवलं. रोतिच कॉलेजात स्वाहिली शिकवत आणि वीस वर्षं केनियातल्या बोलीभाषांचा अभ्यास करत होते. कुणी दोन वाक्यं स्वाहिलीत बोललं, की त्याची आई घरात कोणती भाषा बोलते हे ते अचूक सांगत.

"म्वालिमू, तुम्ही नुसतं ऐकायचं," तानुई म्हणाला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी, आता हातात कोयता घेतलेला. "आपल्या जमातीचा की उपरा, एवढंच सांगा. बाकीचं आम्ही बघतो."

पहिल्या गाडीचा ड्रायव्हर गयावया करू लागला, आणि वर्गातल्या सवयीनं रोतिच बोलून गेले, "हा न्येरीकडचा, उपरा." पोरांनी त्याला तिथंच टायरशेजारी तोडलं. रक्त रोतिच यांच्या बुटांपर्यंत आलं.

दुसऱ्या गाडीतून एक म्हातारी उतरली. तिनं प्यायला पाणी मागितलं. तीही न्येरीकडचीच होती.

"आपली आहे," रोतिच म्हणाले.

तानुई हसला. "मलाही कळतं, म्वालिमू. तुम्हीच शिकवलंत."

कोयता दोनदा चालला.

"तुला कळत होतं, तर मला कशाला बसवलंस रे हरामखोरा?"

तानुईनं पातं गवताला पुसलं. "सकाळी ही पोरं घाबरत होती. तुमच्यासारखा शिकलेला माणूस बोलला, मग कुणाचाच हात थरथरला नाही."