कोठीच्या दाराची उजवी बाजू

माझ्या हाताखालून एकूण दोनशे अकरा पोरं गेली. मोजली आहेत मी. त्यातली सहा मोठ्या संघात खेळली. एक जण टीव्हीवर दिसतो आणि मला फोन करत नाही. बाकीच्यांचं काय झालं ते क्लबला विचारू नका, त्यांना नावंसुद्धा आठवायची नाहीत. मला विचारा. कोण कांदा वेचून बाजूला काढायचा, कोण पहिला महिनाभर उशीत तोंड खुपसून रडायचा, सगळं सांगते.

मी ल्युबिंका. तिसा नदीच्या काठी आमच्या फुटबॉल क्लबची अकादमी आहे, तिच्या वसतिगृहात गेली सत्तावीस वर्षं मी स्वयंपाक करते आणि पोरं सांभाळते. पोरं मला तेत्का म्हणतात, म्हणजे मावशी. नवरा वारला, मुलगी श्टुटगार्टला असते. ती वर्षातून एकदा येते आणि म्हणते, "आई, बास झालं आता, दमतेस तू." दमते म्हणे! दमायला होतं ते रविवारी. शनिवारची मॅच संपली की सगळी पोरं पिशव्या उचलून घरी पळतात, आणि चाळीस ताटांच्या स्वयंपाकघरात मी एकटी एका ताटासमोर बसते. हे मी मुलीला कधी सांगितलं नाही. ती लगेच डॉक्टरची वेळ घेईल.

आमच्या स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली आहे. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कुणालाही घरी सोडायचं नाही, आणि सूप वाढायच्या आधी एकेकाला अनवाणी त्या खोलीच्या दाराच्या चौकटीला टेकून उभं करायचं, ही माझी पद्धत. डोक्यावर स्ट्रुडेलचं, म्हणजे सारण गुंडाळून भाजलेल्या पोळीचं, लाटणं आडवं धरायचं, पेन्सिलीने रेघ मारायची, नाव आणि वय लिहायचं. टाचा उचलणाऱ्याला त्याच लाटण्याचा प्रसाद. क्लबच्या डॉक्टरकडे मोजायचं चांगलं यंत्र आहे, पण पोरांचा भरवसा माझ्या चौकटीवर.

रेल्या माझ्याकडे आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. गोलकीपर. एवढासा जीव, आणि गोलच्या दोन खांबांमध्ये उभा राहिला की वाटायचं, कुणीतरी याला इथे विसरून गेलंय. पण उडायचा असा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. त्याला पहिल्यांदा उडताना पाहिलं आणि माझ्या हातातली बटाट्यांची पाटी खाली आली, कारण तसंच, उजवा खांदा आधी टाकून, उडणारा एक पोरगा मी पूर्वी पाहिला होता. स्रेतेन. माझ्या पहिल्या वर्षीच्या पोरांमधला. हा त्याचाच मुलगा निघाला.

स्रेतेनला सतराव्या वर्षी क्लबने घरी पाठवला होता. हात सोन्याचे, पण उंची नाही. पुढे तो ट्रक चालवू लागला, लग्न केलं, आणि रेल्या चार वर्षांचा असताना रस्त्यावरच गेला. त्याची बायको बिसेर्का ऑस्ट्रियात, ग्राझला, म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. पोराला आजोळी ठेवलं होतं, तिथून तो आमच्याकडे आला. ते गाव लांब, म्हणजे रविवारी जायला घर नाही.

मग रविवारी आम्ही दोघं. सूप, मग उकडलेलं मांस आणि आंबट चेरीचा रस्सा, मग पत्ते. तो पत्त्यांत लबाडी करायचा आणि मी पकडली की म्हणायचा, "तेत्का, तुला दिसत नाही असं वाटलं मला."

"मला पाठीमागचंही दिसतं. टाक तो दश्शा खाली."

"मग पाठ करून बस ना, बघू."

हसायचो. एवढंच. पण शुक्रवारपासूनच मी रविवारच्या सुपाचा विचार करू लागले होते, हे खरं आहे.

तो चौदाचा झाला तेव्हा भरला एकशे त्रेपन्न. त्याच्या वयाचे बाकीचे गोलकीपर त्याच्यापेक्षा डोक्याने वर. नवा प्रशिक्षक ओब्राद दुसऱ्या शहरातून आला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं एक ठरलेलं होतं: पुढे एकशे चौऱ्याऐंशीपर्यंत जाणार नाही त्या गोलकीपरवर वर्षं घालवायची नाहीत. आता चौदा वर्षांचं पोरगं पुढे किती वाढणार हे कसं ठरवतात? आमच्याकडे त्याचं गणित आहे. पोराची उंची, वजन, आईची उंची, बापाची उंची, सगळं मिळून डॉक्टर तिबोर आकडा काढतात. आईबापांना बोलावून स्वतः मोजतात, कारण त्यांच्या मते कागदावर प्रत्येक बाप दोन बोटं उंच असतो.

मेलेल्या बापाला मोजणार कसं? क्लबचे जुने कागद तळघरात पुराचं पाणी शिरलं तेव्हाच लगदा झाले होते. बिसेर्काने सुट्टी काढून येऊन स्वतःची उंची मोजून दिली, आणि नवऱ्याच्या रकान्यात लिहिलं, एकशे एकोणनव्वद.

परत पोहोचली त्या संध्याकाळी तिचा ग्राझहून फोन आला.

"तेत्का ल्युबिंका, मी खोटं लिहिलंय."

"माहीत आहे."

"रेल्या फोनवर म्हणाला, बाबा उंच होते ना, नीट लिही हं. त्याला आठवतंय ते चार वर्षांच्या पोराला दिसलेलं. माझ्याने नाही म्हणवलं नाही हो. पण तुम्ही सांगा. तुम्ही पाहिलंय स्रेतेनला, डॉक्टर तुम्हालाच विचारणार. तुमच्या तोंडून आलं तर ते क्लबचं म्हणणं होईल, आईने घात केला असं नाही होणार. मला आता दोन खोल्या मिळाल्यात. शाळेत बोलून ठेवलंय, याच वर्षी घेतील, नंतर भाषेमुळे नाही घेणार. त्याचा पलंगसुद्धा आणलाय मी. सांगाल ना?"

"सांगते," मी म्हणाले.

आणि खरंच सांगणार होते. कोठीच्या दाराच्या उजव्या बाजूला, खालून वर, स्रेतेनच्या चार रेघा होत्या. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. सगळ्यांत वरची एकशे एकाहत्तर. डॉक्टरांना हात धरून आणून दाखवायचं होतं, झालं. माझ्या रेघांकडे तोवर कुणी नाव वाचायला म्हणून बघितलंच नव्हतं, त्या गर्दीत रेल्यानेही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिबोर स्वयंपाकघरात आले. स्ट्रुडेल कापून दिलं, त्यांनी खाल्लं, तोंडाला लागलेली खसखस पुसली.

"ल्युबिंका, या रेल्याचा बाप तुमच्या हाताखालचा ना? एकशे एकोणनव्वद होता म्हणतात. खरं का?"

बाहेर मैदानावर रेल्या एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. रविवारच होता तो.

"नंतर वाढला तो," मी म्हणाले. "लग्नाची पत्रिका द्यायला आला होता ना, तर या दारातून वाकून आत यावं लागलं त्याला."

कशी बाई सुचली ती पत्रिका, मला अजून कळत नाही. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. आकडा आला एकशे चौऱ्याऐंशीला जरा कमी. ओब्राद म्हणाला, पोरगं उशिरा वाढणारं आहे, थांबू या.

डॉक्टर गेल्यावर मी हातोडी घेतली आणि उजव्या चौकटीवर तीन खिळे ठोकले. त्यांवर माझे सगळे एप्रन टांगले. पोरांना सांगितलं, ती बाजू भरली, आता डावीकडे उभे राहा.

बिसेर्काला मी कळवलं, क्लबने ठेवून घेतलं. ती म्हणाली, "असं होय. बरं झालं. मलाच नीट आठवत नसेल." तो पलंग तिने काय केला हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढची तीन वर्षं रेल्या वाढायचा प्रयत्न करत होता. प्रयत्नच म्हणायचा तो. रोज जेवणाआधी आडव्या दांडीला लोंबकळायचा, आकडे मोजत. कुणीतरी सांगितलं म्हणून लवकर झोपायचा. दूध इतकं प्यायचा की बाकीची पोरं त्याला वासरू म्हणायची. मी पेला भरून द्यायची. दर रविवारी विचारायचा, "तेत्का, बाबा कितव्या वर्षी वाढले गं?"

"एकोणिसाव्या," मी म्हणायची. एकदा बोलून बसल्यावर आता काय करणार होते?

मग तो सूप प्यायचा आणि पत्ते पिसायचा. मला सुख वाटायचं आणि त्याच घासाला लाज वाटायची. दोन्ही गिळायला शिकले.

डाव्या चौकटीवर त्याच्या रेघा चढत गेल्या. एकशे साठ, मग सत्तर. मग पेन्सिल जेमतेम वर सरकली. यंदा मे महिन्यात डॉक्टरांनी त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढला आणि ओब्रादला दाखवला. हाडांची टोकं मिटली होती, म्हणजे वाढ संपली होती. ओब्रादने रेल्याला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुढच्या वर्षी जागा नाही हे पाच मिनिटांत सांगून टाकलं. तो तरी बिचारा काय करेल, त्याच्या कागदावर बाप एकशे एकोणनव्वदचा होता.

जूनमध्ये पोरं घरी गेली. वसतिगृहाला रंग द्यायचा होता, म्हणून मी भांडी हलवत होते. शनिवारी दुपारी रेल्या पिशवी भरून खाली आला. बस चारची होती. ग्राझला जाणार होता, आईकडे, पण शाळेत नाही. तिथल्या एका गोदामात खोकी उचलायला माणूस हवा होता.

"अजून तास आहे," तो म्हणाला. "मदत करू?"

मी मोठं पातेलं घेऊन अंगणात गेले होते. परत आले तर एप्रन टेबलावर घडी करून ठेवलेले, खिळे उपटून वाटीत जमा केलेले, आणि रेल्या चौकटीसमोर उभा. त्याने बूट काढले होते.

तो वळला, पाठ टेकली, तळहात डोक्यावर सपाट ठेवला आणि हात न हलवता बाजूला झाला. स्रेतेनच्या सतराव्या वर्षीच्या रेघेवर त्याचं बोट होतं. इकडे नाही की तिकडे नाही.

"हे बाबांचं आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग एकोणिसाव्या वर्षी वाढले?"

मला हो म्हणता आलं असतं. अजूनही चाललं असतं ते.

"नाही रे. एवढाच होता तो. लग्नातही एवढाच होता."

"आईने..."

"आईने तुझ्यासाठी लिहिलं आणि मला खरं सांगायला सांगितलं. तिने तिथे तुझ्यासाठी खोली घेतली होती. पलंग आणला होता. शाळा ठरवली होती. मी सांगितलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं या पोराचं तोंड मी वाचत आले होते, त्या वेळी मला काही वाचता येईना.

"तीन वर्षं लोंबकळलो मी त्या दांडीला, तेत्का," तो म्हणाला. "तू दूध द्यायचीस."

"हो."

"का पण?"

तुझं स्वप्न मोडायला नको होतं, हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं. तीन वर्षं घासून ठेवलं होतं. कुणालाही पटलं असतं.

"रविवारी मला एकटीला जेवायचं नव्हतं," मी म्हणाले.

तो खाली बसला आणि बूट घालू लागला. नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला. मग उठून त्याने माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, बापाच्या रेघेला लागून स्वतःची रेघ मारली आणि नाव लिहिलं. वय लिहिलं नाही. पेन्सिल टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि तो बाहेर पडला.

आमच्याकडे कुणी लांबच्या वाटेला निघालं की मागून पाणी ओततात, वाट पाण्यासारखी सरळ वाहावी म्हणून. दोनशे दहा पोरांच्या मागे मी ओतलंय. स्रेतेनच्याही मागे ओतलं होतं. मी तांब्या शोधू लागले तर रंगाच्या धांदलीत मीच तो कुठे ठेवला होता कोण जाणे. शेवटी दुधाचा पेला नळाखाली धरला आणि धावत फाटकाशी गेले. वाटलं, आता तो कोपऱ्यावर पोहोचला असेल.

तो फाटकाबाहेर दोन पावलांवर उभा होता. पाठ माझ्याकडे. पिशवी खांद्यावर.

मी पेला उपडा केला. एका पेल्यात असं किती पाणी असतं? थोडं धुळीत जिरलं, थोडं ओघळत त्याच्या टाचेपर्यंत गेलं. ते पोहोचेपर्यंत तो थांबला. मग चालू लागला, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

रंगाऱ्यांना मी सोमवारी सांगितलं, त्या चौकटीला हात लावायचा नाही, दोन्ही बाजूंना. एप्रन आता खुर्चीवर टाकते. डॉक्टर तिबोर आले होते, त्यांनाही उजवी बाजू दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नावं वाचली, बराच वेळ. मग निघून गेले. स्ट्रुडेल तसंच राहिलं.