कोटाचं मधलं बटण

मी त्याला ढकललं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

चाळीस वर्षं कोट शिवतोय मी. अंगावरच्या कपड्यावरून माणसाचं घर ओळखतो. नवऱ्याचा कोट घेऊन ती पहिल्यांदा माझ्या माडीवरच्या दुकानात आली, तेव्हाच समजलो, हिचा संसार काही सुखाचा नाही. ती तसं बोलली नाही. पण वर्षात चार वेळा तोच कोट, कधी अस्तर, कधी बाही. बाई उगाच एवढे जिने चढते का? "तुमच्याइतकं नीट कुणी करत नाही," असंही म्हणाली होती. मी काही दूधखुळा नाही.

त्या दुपारी मात्र कोट न्यायला नवराच आला. अंगात चढवून आरशासमोर उभा राहिला. "मास्तर, आता भेट होणं कठीण. बदली झालीय. रविवारी निघतोय आम्ही."

"दोघंही?"

"मग काय, तिला इथं ठेवून जाऊ?" तो हसला.

मला न सांगता ती जाणं शक्य नव्हतं. म्हणजे हा तिला जबरदस्तीनं नेत होता. जिन्याच्या तोंडाशी मी त्याची कॉलर सरळ करायला हात लावला, तो मागे सरकला. पाय निसटला असेल. मधलं बटण तेवढं माझ्या मुठीत राहिलं.

खाली उतरून पाहिलं. माझ्या हातचा कोट आणि समोरचंच बटण नाही. लोक जमणार, ती येणार, बघणार. मी सुईत दोरा ओवला, बटण लावलं, त्याखालच्या दोऱ्याच्या देठाला तीन वेढे दिले, गाठ मारली. मग शेजाऱ्यांना हाका मारल्या.

दुसऱ्या दिवशी फौजदारानं चौकीत तो कोट टेबलावर पसरला. "मास्तर, रक्त बटणाखालीही आहे. बटण वरून मात्र कोरं, म्हणजे ते नंतर लावलंय. डॉक्टर म्हणतात, माणूस पडल्यावर वीसेक मिनिटं जिवंत होता. आणि तुम्ही शिवत बसलात?"

"घाई केली की काम बिघडतं," मी म्हणालो. त्याला काय कळणार.

तेवढ्यात तिला आणलं. आता ती आमचं दोघांचं सगळं सांगेल आणि मी सुटेन, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. फौजदारानं विचारलं, "यांना ओळखता?"

रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"टेलरकाका ना? शेवटी आमच्या ह्यांच्याजवळ हेच होते म्हणे." ती माझ्यासमोर येऊन बसली. "काका, जाताना काही बोलले का हो ते?"

चारचौघांत मला काका म्हणाली. किती सांभाळून घेतलं तिनं मला.

बोलला होता तो. गाठ मारून होईपर्यंत तिलाच हाका मारत होता.

"नाही," मी म्हणालो.