माझे बेसूर सातवे गाणे

मित्रांनो, मी गाण्यांची एक जुनी तबकडी आहे. माझ्या अंगावर बारा गाणी आहेत. चार सुरेख, पाच बरी; आणि उरलेल्या तिन्हींची मला फार लाज वाटायची.

माझा गायक रोस्को टिलरी. गाणी त्याला आवरतच नसत. वर्षाला तीन-तीन तबकड्या काढायचा. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या एका गॅरेजात चार दिवसांत माझी सगळी गाणी गाऊन झाली. सातव्या गाण्यात व्हायोलिन घसरले.

"परत घेऊ या का?" वादकाने विचारले.

"राहू दे रे! पुढचं गाणं डोक्यात वाजतंय," रोस्को म्हणाला.

वर्तमानपत्राने लिहिले, 'थोडे सोने, बाकी भरताड.' मी दुकानात धूळ खात पडले.

पुढे केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवणाऱ्या व्हर्नाने मला घरी नेले. तिचे वडील होबार्ट कोळशाच्या खाणीत राबलेले. एके काळी त्यांच्या व्हायोलिनवर सारे खोरे नाचायचे. पण बायको गेली आणि त्यांनी व्हायोलिनची पेटी बंद केली ती दोन वर्षे उघडलीच नाही. बोलणेही हो-नाहीपुरते उरले.

रविवारी सकाळी व्हर्नाने मला लावले. माझी सुरेख गाणी होऊन गेली. होबार्ट खिडकीबाहेरच बघत राहिले. व्हर्नाने मला उलटे केले आणि ती पीठ मळू लागली. आता सातवे! मी जीव मुठीत धरून फिरू लागले.

होबार्टनी मान वळवली. "मांजराच्या शेपटीवर पाय दिला का कुणी?"

व्हर्नाचा पिठातला हात थांबला. "तुम्हाला जमेल का याहून बरं, बाबा?"

"मला? अगं, मी झोपेत बरं वाजवीन! आण ती पेटी!"

बोटे आखडली होती. पहिला सूर माझ्याहूनही बेसूर निघाला.

"झोपेतच वाजवा मग!" व्हर्ना हसली.

"गप गं! पुन्हा लाव."

पाचव्या खेपेला सूर असा चपखल बसला की व्हर्ना पिठाच्या हातांनीच नाचू लागली. शेजारच्या एस्टिलबाई मक्याचा पाव घेऊन धावत आल्या. "होबार्ट, तूच का रे हा?" एवढेच म्हणाल्या आणि डोळे पुसत त्याही नाचल्या.

आता होबार्ट लग्नांतही वाजवतात. शेजारीपाजारी दर रविवारी जमतात, आणि पहिली फर्माईश माझ्या सातव्या गाण्याची असते. त्याच्यावर सर्वांत जास्त ओरखडे आहेत. मी ते मिरवते.

मित्रांनो, तबकडी कडेने धरा, मऊ कापडाने पुसा. आणि एवढे ऐका माझे, मधले बेसूर गाणेही गाळू नका.