झाकणगाणं

चष्मेवाल्याची बायको नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकाम करायची. अलीकडे तिथे नवं नाटक लिहिण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. गाजलेला सिनेमा उचलायचा, त्यात गाणी घालायची आणि रंगमंचावर उभा करायचा, असा सपाटा चालला होता. या प्रकारावर तिचा राग होता आणि जीवही होता.

"सिनेमावाल्यांचं बरं असतं," ती म्हणायची. "त्यांनी कापलं की झालं. आत्ता तरणीताठी, लगेच म्हातारी. आमचं कापून भागत नाही, आम्हाला शिवावं लागतं."

नटीला कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून मध्येच कुणाला तरी पुढे उभं करून गायला लावतात, त्याला तिने नाव ठेवलं होतं झाकणगाणं. पातेल्यात काय शिजतंय ते दिसू नये म्हणून वर झाकण. शहरात सिनेमावरून केलेलं नाटक लागलं की सुटीच्या दिवशी दोघं बघायला जायची, आणि जिना उतरता उतरता ती निकाल सांगून मोकळी व्हायची. खाणीत अडकलेल्या कामगारांच्या सिनेमाचं जे नाटक केलं होतं ते तिच्या मते सगळ्यात वाईट.

"हवा संपत आली म्हणे! ताना मारायला बरी पुरली?"

सगळ्यात चांगलं एका पोस्टमनचं. मूळ सिनेमा इतका साधा की कुणी बघितलाही नव्हता. नाटकात पोस्टमन एका आईला वाईट बातमीची तार द्यायला जातो, दारात उभा राहतो, तोंड उघडतो, शब्द फुटत नाही, आणि तो गायला लागतो. "बोलवेना म्हणून गायला," ती म्हणाली होती. "ते गाणं. बाकी सगळी झाकणं."

चष्मेवाला मान डोलवायचा. नटाच्या चष्म्याला काचाच नाहीत, एवढंच त्याला नाटकात हमखास कळायचं. चांगलं काय नि वाईट काय हे तिच्याकडे सोपवलेलं होतं.

मग त्यांच्या सिनेमाची पाळी आली. त्यांचा म्हणजे लग्नाआधी चोरून बघितलेला. त्यात एक बाई कामाला निघालेल्या नवऱ्याला दारातून हात करते, चुलीवर किटली गुणगुणत असते, ती बाई आत वळते आणि वळते तेव्हा म्हातारी झालेली असते. नवरा परत आलाच नाही, हे कुणी सांगत नाही. किटली तशीच वाजत राहते. थिएटरच्या अंधारात तिने तेव्हा त्याचा हात धरला होता.

दिग्दर्शकाला तिथे गाणं हवं होतं. ती भांडली. "तिथे झाकण घातलंत तर मी सुई खाली ठेवीन," म्हणाली. बाई दाराआड जाईल आणि बाहेर येईल, तेवढ्यात बदल करून दाखवते, बघाच. आतून राखाडी कोट, वरून फुलाफुलांचा झगा, पाठीला टिचबटणं आणि कुठेतरी एक फीत, जी ओढली की सगळं सालीसारखं उतरावं. सराव घरी, स्वयंपाकघरात. नटी घरी कुठून यायची? म्हणून चष्मेवाल्यालाच झगा घातला.

"अहो, पोट आत घ्या. ती नटी आहे, गोदामाचा हमाल नाही."

"मग तिलाच बोलव ना."

"हलू नका. हात लांब. असेच. आता वळा."

तो वळायचा आणि झगा तिच्या हातात असायचा. आरशात राखाडी कोट घातलेला, वेंधळा, मिशीवाला म्हातारा. ती हसून हसून ओट्याला टेकायची. कपात चहा ओतायला लागतो तेवढाच वेळ तिला पुरायचा.

त्या हसण्यातच एकदा तिला धाप लागली, ती थांबेना. पुढचं सगळं इस्पितळात झालं. शेवटी तिलाही बोलवत नव्हतं. तो पोस्टमनसारखा उशाशी उभा होता. त्याला गाताही आलं नाही.

त्यानंतर घरात जो तो येऊन बोलायला लागला. मेहुणी तर रोज. पडद्यांना धुळीचा वास येतो, शेजारणीने नवा पंखा घेतला, भाऊजी तुम्ही दाढी का करत नाही. मध्ये जरा शांतता झाली की तिला धडकी भरायची आणि ती नवीन विषय काढायची. चष्मेवाला ऐकून घ्यायचा. झाकणं, त्याला वाटायचं, सगळी झाकणंच. पण हे हसून सांगायचं कुणाला?

नाटक लागल्याचं कळलं तेव्हा त्याने पहिल्यांदा दाढी केली. त्याला बाकी काही बघायचं नव्हतं. बाई दाराआड जाईल, किटली वाजेल, बाई म्हातारी होऊन येईल. कुणाला कळणार नाही कुणी केलं. त्याला कळेल. तिचं म्हणून जगात एवढंच चालू राहिलेलं काम होतं.

दुपारच्या खेळाला मेहुणी सोबत आली. "भाऊजी, रुमाल घेतलात ना? रडूबिडू नका हं लोकांत," म्हणाली, आणि दिवे गेल्याबरोबर स्वतःच नाक ओढायला लागली.

दार आलं. बाईने हात केला. किटली गुणगुणली. चष्मेवाला खुर्चीत पुढे सरकला, आणि नकळत त्याने पोट आत घेतलं. बाई दाराआड गेली.

आणि वाद्यं सुरू झाली. नवरा रस्त्यावरून परत फिरला, दिव्याच्या झोतात उभा राहिला आणि गायला लागला. गाणं लांबलचक होतं. गाणं चांगलं होतं, हीच तर पंचाईत. लोक ढसाढसा रडले, उभे राहिले, टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांमध्ये बाई कधी म्हातारी होऊन बाहेर आली ते कुणी बघितलंही नाही.

"काय गायला हो!" मेहुणी म्हणाली. "हेच सगळ्यात छान होतं, नाही?"

जिना उतरताना त्याने वाट बघितली. निकाल काही लागला नाही. तो तसाच वळला आणि मागच्या दाराने कपडेपटात गेला.

तिथे बटण झगे टांगत होती. बायकोच्या हाताखाली शिकलेली ही बुटकी बाई, म्हणून सगळे तिला बटण म्हणायचे. त्याला बघून तिच्या हातातला हँगर पडला.

"दादा, या ना. बसा."

"गाणं का घातलंत?"

ती रागावली नाही. उलट तिचा चेहरा पडला. "आम्ही नको म्हणत होतो. पण ताईंशिवाय ते होईना. बोटं अडकतात. फीत ओढली की बाही राहते, बाही सोडवली की बटण राहतं. आम्ही सगळ्यांनी करून बघितलं. शेवटी जेवढा वेळ आम्हाला लागत होता, तेवढं गाणं दिग्दर्शकांनी बांधून घेतलं."

चष्मेवाला स्टुलावर बसला. एवढं लांब गाणं, तिचे हात नव्हते म्हणून.

"दादा," बटण एकदम म्हणाली, "ताई तुमच्यावरच सराव करायच्या ना? सांगायच्या आम्हाला, हसायच्या. मग तुम्हाला माहीत असेल. सांगा ना कसं करायच्या? मी दिग्दर्शकांच्या पाया पडते, गाणं काढायला लावते."

तिने झगा काढून त्याच्या पुढ्यात धरला. चष्मेवाला उठला. अंगातल्या कोटावरूनच झगा चढवून घेतला, तिच्याकडे पाठ केली, हात लांब केले, पोट आत घेतलं. शरीराला सगळं आठवत होतं.

"हं," बटण म्हणाली. "आता?"

"आता ती काहीतरी करायची."

"काय?"

त्याने आठवून बघितलं. मानेला गार बोटं लागायची. मग खांद्याच्या खाली कुठेतरी. डावीकडे की उजवीकडे? समोर फक्त ओटा दिसायचा, ओट्यावरची किटली दिसायची.

"मी पाठमोरा असायचो," तो म्हणाला.

"मग?"

"मग ती म्हणायची वळा. मी वळायचो, तेव्हा झालेलं असायचं."

बटण फीत चाचपत राहिली. तिची बोटं पाठीवर घाईघाईने फिरत होती, गरम आणि घामेजलेली. एक टिचबटण सुटलं, बाही अडकली. दारातून मेहुणी म्हणाली, "अगंबाई, भाऊजी, हे काय घातलंय अंगात?" आणि गप्प झाली. त्या सबंध दिवसात पहिल्यांदाच ती गप्प झाली.

"दादा, वळा," बटण अगदी हळू म्हणाली.

तो वळला. झगा अंगावरच होता.